डेकाला किती हात

आमच्या मांद्र्याच्या घरामागे, माडांच्या रांगेपलीकडे, खाडीकडे तोंड करून एक लाकडी डेक आहे. गावात आता असे डेक पुष्कळ झाले. खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाकडे एक असतो. पण आमचा पहिला. तो बांधला तेव्हा त्याला गावात नावच नव्हते. कोणी माची म्हणे, कोणी फळ्यांचा ओटा म्हणे, आणि माझी आई शेवटपर्यंत त्याला ‘भावजींचो पाट’ म्हणत राहिली, जणू काकाने जेवायला बसण्यासाठी जरा मोठासा पाट करून घेतला होता. अनंतकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तो याच महिन्यात गेला. भेटायला येणाऱ्यांसाठी मी अंगणात खुर्च्या मांडते, तरी माणसे हळूहळू मागे जाऊन डेकावर बसतात, आणि बसता बसता त्यांतले एखादे जुने माणूस फिस्सकन हसते आणि लगेच तोंडावर हात ठेवते. सुतकाच्या घरात हे हसू कशाचे, ते परक्याला कळायचे नाही. दुपारी कोणी नसते तेव्हा थोडे थोडे करून ते लिहून ठेवते आहे.

काका बोटीवरून कायमचा म्हणून घरी आला तेव्हा मी म्हापशाच्या कॉलेजात नुकती जाऊ लागले होते. तो प्रवासी बोटीवर केबिनी साफ करण्याच्या कामावर होता. त्याने आमच्यासाठी आणलेल्या सुटकेसमध्ये साबण, चॉकलेटे वगैरे काही नव्हते. प्रवासी केबिनीत विसरून गेलेली पुस्तके होती. बरीचशी इंग्रजी, काही कुठल्या भाषेतली तेही न कळणारी, आणि पुष्कळांची शेवटची पाने गायब. त्या कादंबऱ्यांचे शेवट आम्ही दोघे सकाळी चहात उंडे, म्हणजे गोल पाव, बुडवताना ठरवत असू. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा रस्त्यावर वाजला की काका अर्धवट झोपेत ओरडे, “गो बाय, त्या घोड्यावाल्याचां काय केलंस? मारलंस काय लगीन लावलंस?” मी आदल्या दिवशी मारलेला माणूस काका सकाळी जिवंत करी. घरात मी काय वाचते हे विचारणारे तोवर कोणी नव्हते. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण त्यांचे वाचनाशी नाते तपासण्याचे होते. जेवताना कोणी चुकीचा शब्द बोलले की घास हातात धरून थांबत, आणि तो दुरुस्त होईपर्यंत तोंडात घालत नसत.

बाबांना काकाचे घरी असणे पटत नव्हते. धट्टाकट्टा माणूस सकाळी दहा वाजता माडाखाली बसून खाडी बघतो, हे त्यांना शाळेच्या वेळेत मैदानात सापडलेल्या मुलासारखे वाटे. त्यात बोटीवर माणसे भरणाऱ्या कचेरीतला एक माणूस अधूनमधून फोन करून नवी जागा सुटल्याचे सांगे, आणि तो फोन नेमका बाबांनाच सापडे. शेवटी काकाने जाहीर केले की तो परत जाणार नाही. घरामागच्या दोन खोल्या झाडून घेणार, खाडीच्या बाजूला डेक बांधणार आणि पर्यटकांना उतरवणार. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

“दिवाळीच्या आत एक तरी पावणो तुझ्या त्या डेकार बसान चाय पियाक व्हयो,” ते म्हणाले. “पियालो तर ऱ्हव. नाय तर बोट.”

“पुरो कप काय अर्धो?” काकाने विचारले.

“पुरो.”

“बरां,” काका म्हणाला, आणि आईकडे कढी मागितली. मी मात्र ताट तसेच ठेवून सुटकेसपाशी जाऊन बसले. सुटकेसमधली निम्मी पुस्तके अजून उघडायची होती, आणि काका गेला तर ती मी एकटीने वाचायची होती.

डेक बांधायला फारसे दिवस लागले नाहीत. फणसाच्या आणि ऐनाच्या फळ्या आल्या, मेस्ताने, म्हणजे सुताराने, त्या ठोकल्या, घरभर कच्च्या लाकडाचा आंबूस वास भरला आणि आईच्या कढीतसुद्धा भुसा सापडू लागला. जाताना मेस्त म्हणाला की हे लाकूड उघडे ठेवाल तर पावसात काळे पडेल, त्याला काहीतरी द्या. काकाने लगेच सांगितले, बोटीवर डेकाला स्टेन देतात. बाबांनी विचारले, स्टेन म्हणजे काय? मला शब्दकोश आणायला पाठवले. मी उभ्याने वाचून दाखवले: डाग, कलंक, बट्टा.

आई सुंगटांचे हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, वाढत होती. तिचा डाव तसाच वर राहिला. “म्हणजे घराक कलंक लावूक दुकानातसून डबे हाडतले?”

त्या दिवसापासून बाबांनी त्या वस्तूला ‘डाग’ हाच शब्द धरला. शुद्ध मराठीचा आग्रह म्हणून नव्हे, मला वाटते त्यांना त्यात गोडी वाटू लागली होती. “मग, डाग किती लागतलो?” असे ते रोज संध्याकाळी हातपाय धुऊन विचारत.

आणि खरा प्रश्न तोच होता. काकाने नमुन्याला एक छोटा डबा आणला होता. त्यावर अक्रोडाचे चित्र होते आणि बारीक अक्षरात लिहिले होते की एका लिटरमध्ये इतकी जागा होते, ‘लाकडाच्या शोषणशक्तीनुसार कमीजास्त’. बाबांनी मेस्ताला डेकाची लांबीरुंदी विचारून गुणाकार केला आणि खडूने पाटीवर उत्तर लिहिले. मग ते पाटीकडे बघत बसले. त्यांच्या लक्षात आले की फळी आणि फळी यांच्यामध्ये पाणी निथळायला फट सोडली आहे.

“फटीक रंग लागता? नाय,” ते म्हणाले. “मगे सगळे फटी वजा करूक व्हयेत.”

“वजा?” आई चुलीपाशी बसून ऐकत होती. “फटीतसून खाली गळतलां त्याचां काय? तां मिळवा.”

काका विडी ओढत दारात बसला होता. तो म्हणाला, “दादा, फटीक दोन कडा आसत. हे फळयेची एक, ते फळयेची एक. दोनय कडांक रंग लागतलो. म्हणजे जितकी फट, त्याच्यापेक्षा रंग जास्त.”

बाबांनी खडू खाली ठेवला. काकाचे म्हणणे खरे होते आणि त्यामुळे ते जास्तच सहन होईना. फट म्हणजे जिथे काही नाही ती जागा, आणि जिथे काही नाही तिथे रंग जास्त लागतो, हे त्यांच्या आयुष्यभराच्या अंकगणितात बसत नव्हते. सकाळी उठून त्यांनी पाटी पुसली आणि म्हणाले की मुळात लाकडाची शोषणशक्ती ठरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शोषणशक्ती चहावर ठरवली गेली. दुसरे काही घरात त्या रंगाचे नव्हते. काकाने उरलेल्या फळीचा तुकडा अंगणात ठेवला, आईकडून कपभर कोरा चहा मागून घेतला आणि फडक्याने तो फळीला देऊ लागला. बाबा घड्याळ घेऊन उभे. फळी चहा पीत गेली. दुसरा कप झाला, तिसरा झाला. आई दारातून म्हणाली, “पावणो येवचो आदी फळयेकच चाय दिली तुमी. तिका पाव देव काय?” तिने चहात सवयीने साखर घातली होती. दुपारपर्यंत फळीवर मुंग्यांची अशी रांग लागली की फळीचा मूळ रंग दिसेना, आणि बाबांनी तो प्रयोग ‘निष्कर्ष नाही’ असे म्हणून बंद केला. आईचे स्वतःचे उत्तर तयारच होते: अंगणाला सारवायला दोन पाट्या शेण लागते, डेक अंगणाच्या अर्ध्याने आहे, म्हणून एक पाटी. एक पाटी म्हणजे किती लिटर हे मात्र ती सांगू शकत नव्हती, आणि कोणी विचारले की रागावत असे.

दिवाळी जवळ येत होती. काकाने मग सगळे आपल्या हाती घेतले. बाबांची मोजपट्टी शाळेत खेळांच्या स्पर्धेला गेली होती, म्हणून त्याने डेक आपल्या हाताने मोजला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, रांगत रांगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागून आमची पांढरी गाय बघत होती. उठून गुडघे झटकत तो घरात आला आणि त्याने म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन लावला. मी शेजारी उभी होते. दुकानदाराची बाजू मला पुढे खुद्द त्यानेच सांगितली, म्हणून दोन्ही बाजू लिहिता येतात.

ज्यांनी कधी दाराला रंग दिला नाही त्यांच्यासाठी सांगते: रंगाचा एक थर म्हणजे एक हात. पहिला हात, दुसरा हात. दुकानदाराने विचारले, “शेट, हात कितके दितले?”

“बावीस,” काका म्हणाला. ती डेकाची लांबी होती.

दुकानदाराने पुन्हा विचारले, “बावीस हात?”

“पुरे बावीस. स्वतः घातलंय.”

“लाकडाक?”

“लाकडाक नाय तर काय फातराक?”

दुकानदार गोंधळला असावा. पण काकाची ख्याती म्हापशापर्यंत होती. तो आदराने म्हणाला, “तुमी बोटीवयले न्ही? बोटीर असोच दितात?”

“बोटीवर?” काका हसला. त्याच्या डोळ्यांपुढे बोटीचा लांबच लांब डेक असणार. “बोटीवर ह्याच्या धापट!”

पलीकडे दोनशेवीस थरांचा विचार करत तो माणूस गल्ल्यावर बसून राहिला असेल. मग त्याने जागा केवढी ते विचारले, काका म्हणाला अंगणाच्या अर्ध्याने, आणि दुकानदार म्हणाला, “उद्यां टेंपो धाडटां.”

टेंपो आला तेव्हा मी गेटापाशी होते. ड्रायव्हरने मागची फळी पाडली आणि विचारले, “खंय उतरू? हांगा चर्च बांधतात?” डबे उतरत राहिले. तुळशीपासून विहिरीपर्यंत डबे लागले. बाबा शाळेतून येऊन त्यांच्यामधून वाट काढत घरात गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला: “इतको डाग तर आमच्या सगळ्या खानदानाक नाय!” चूक कशी झाली हे दुकानदाराला फोन केल्यावर पाच मिनिटांत उलगडले. तो डबे परत घ्यायला तयार होता. पण तोवर काकाने त्याच्याच तोंडून ऐकले होते की म्हापशात आता सगळे सुतार ‘बोटीवरची पद्धत’ म्हणून बावीस हातांची गोष्ट सांगत आहेत. “ऱ्हवांदी,” काका म्हणाला. “लागतलो.”

आणि त्याने तो लावला. डेकाला पहिला हात दिला, दुसरा दिला. मी डब्यावर वाचून सांगितले की जास्तीचा स्टेन फडक्याने पुसून घ्यायचा असतो. काका ब्रश घेऊन वळला. “पुसूचो? लावलेलो पुसूचो? गो बाय, जन्मभर पुसलंय. आता मी पुसूचंय नाय.” असे म्हणून त्याने तिसरा हात दिला. डेकाचे झाल्यावर दारे झाली, खिडक्या झाल्या, माड चढायची शिडी झाली, आईची खवणी झाली. गणपतीवर फळे टांगायच्या माटोळीकडे तो वळला तेव्हा आई आडवी उभी राहिली. गोठ्याचा खांब त्याने रंगवला, आणि तो ओला असतानाच गाय त्याला अंग घासून गेली. दिवाळीपर्यंत ती उजवीकडून पांढरी आणि डावीकडून अक्रोडी होती. शेजाऱ्यांनी एकदा तिला ‘कोणाचे तरी दुसरे ढोर’ म्हणून पोफळीच्या कुळागरातून हाकलले आणि दुसऱ्या बाजूने ओळखून परत आणून सोडले. एवढे करूनही डबे उरले, आणि रोज सकाळी काका डेकाला आणखी एक हात देई. डेक फार सुंदर दिसू लागला होता. ओल्या गुळासारखा चकाकत होता. फक्त तो वाळत नव्हता.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पावणी आली. शेजारच्या हरमल गावात खोली न मिळालेली एक गोरी म्हातारी, डोक्यावर मोठी टोपी, पायलटच्या, म्हणजे भाडेवाल्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून आली. तिने खोली पाहिली, मान हलवली, मग डेक पाहिला आणि दोन्ही हात गालावर ठेवून काहीतरी गोड बोलली. काका चहा आणायला धावला. बाबा खिडकीत उभे होते. तिने डेकावर पाय ठेवला, तीन पावले चालली, आणि चौथे पाऊल टाकताना पायात चप्पल नव्हती. तिने मागे पाहिले. दोन्ही चपला डेकावर तिच्या मागे उभ्या होत्या, आता चालू लागतील अशा. अनवाणी पायाखालून चप् चप् आवाज येऊ लागला. तिने एक पाय उचलला तर दुसरा धरला जाई. काका कप घेऊन आला तेव्हा ती नाच करत असल्यासारखी कडेकडेने बाहेर पडत होती, आणि हसत होती की रडत होती ते सांगणे कठीण होते. तळपाय अक्रोडी, एका हातात टोपी, अशी ती पुन्हा मोटारसायकलवर बसून हरमलच्या दिशेने गेली. काकाच्या हातात पुरा कप तसाच होता. तो त्याने कठड्यावर ठेवला.

त्याच संध्याकाळी कचेरीतल्या माणसाचा शेवटचा फोन यायचा होता. हो की नाही, ते सांगायचे होते. मी मागच्या दारालगत, फोनजवळच्या बाकावर मांडीवर पुस्तक उघडे ठेवून बसले होते आणि एक ओळही वाचत नव्हते. बाबा मागे गेले. ते ठरल्याप्रमाणे बोलणार, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होते. पण डेकापाशी त्यांना त्या चपला दिसल्या. परक्या बाईची वस्तू आपल्याकडे राहणे त्यांना चालणारे नव्हते. ते जपून फळ्यांवर गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी एक चप्पल ओढू लागले. चप्पल निघेना. त्यांनी जोर लावला. चप्पल एकदम सुटली आणि शाळेचा पांढराशुभ्र लेंगा घातलेले माझे बाबा डेकावर फतकल मारून बसले.

ते उठायला गेले, पण उठता येईना. काका धावत आला.

“हालां नको दादा, फाटतलो!”

“मगे काय हांगाच ऱ्हव?”

“दम धर. रॉकेल हाडतंय.” पण तो गेला नाही. त्याने बाबांना काखेत धरून उचलू पाहिले, कुठेतरी टर्रकन आवाज झाला, आणि बाबा घाईने म्हणाले, “सोड, सोड. बसान ऱ्हवतंय.” काका त्यांच्यासमोर उकिडवा बसला. खाडीला भरती लागली होती, माडांच्या सावल्या पाण्यावर लांब झाल्या होत्या. बाबा पहिल्यांदाच त्या जागेवरून खाडी बघत होते. दुसरे काही करता येत नव्हते.

“बोटीवर असोच बसत होतंस?” त्यांनी थोड्या वेळाने विचारले. “डेकार?”

“बोटीवर?” काका म्हणाला. “आमका खंय बसूक देतत? ते पावण्यांचे डेक. आमी पाटे चारांक उठान पुसूचे, आणि ते येवचे आदी खाली जावचे. मी एकदा बसलंय. एकच पावटी. सायबान बोट दाखवल्यान, तसोच उठलंय.”

“पत्रात तर लिवलंस, डेकार वारो खातंय म्हणान.”

“तुका काय लिवतलो मी, दादा?”

मला बाकावरून बाबांची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी हातातली ती चप्पल बाजूला ठेवली, कठड्यावरचा निवून गेलेला चहा हात लांब करून घेतला आणि पिऊ लागले. सावकाश, पुरा. त्यांना थंड चहा मुळीच आवडत नसे.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. कचेरीतला माणूस होता. “अनंत आहेत का?” त्याने विचारले. मी फोनच्या तोंडावर हात धरून मागे ओरडले, “बाबा, काका आसा काय म्हणान इचारतत!”

काका उठला. बाबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. कुठे बसवतो आहोत याचा विचारही त्यांनी केला नाही.

“आसा म्हणान सांग,” ते शाळेतल्या आवाजात ओरडले. “घरा आसा. आणि घराच ऱ्हवतलो.”

मी तसेच सांगितले. त्या दोघांना सोडवायला आईला आणि मला रॉकेलची अख्खी बाटली लागली, आणि दोन्ही लेंगे पुढे गाय पुसायला वापरले. त्या बाईची राहिलेली चप्पल दुसऱ्या दिवशी निघाली आणि काका ती जोडी हरमलला देऊन आला. तिने त्याला चहा पाजला म्हणे.

आता खोल्यांचे आरक्षण मोबाइलवर होते, आणि तो नंबर काकाचाच आहे. मोबाइल माझ्याजवळ असतो. कुठून कुठून माणसे फोन करतात, वर्षानुवर्षे येणारी, त्याला नावाने ओळखणारी, ज्यांना अजून काही कळलेले नाही. “अनंतराव आहेत का?” असे विचारतात. द्यायचे वाक्य मला ठाऊक आहे, साधे तीन शब्दांचे आहे. पण ते तोंडात येण्याआधी मी म्हणते, “थांबा हं, बघते,” आणि फोन तसाच हातात घेऊन मागे डेकावर जाऊन जरा वेळ उभी राहते.